जहाजावरचं परस

१० जानेवारी १७५४, रामेकेन्स बंदर

आज दुपारी 'सोनेरी कुरव' जहाजावर दाखल झालो. पुस्तकांची पेटी कोरडी वर आली, ऊन पडलं आहे, वारा पूर्वेचा आहे आणि मला स्वतंत्र खोली मिळाली आहे. मी आडवा झालो की तिचं दार लागत नाही, पण खोली ती खोली. स्वयंपाक्याने आल्या आल्या जवाच्या पेजेत लोणी घालून दिलं. मिडलबर्गच्या इस्पितळात दोन वर्षं काढलेल्या माणसाला ते राजाचं जेवण वाटलं.

संचालकांना मी लेखी देऊन आलो आहे की बटाव्हियाला पोचेपर्यंत या जहाजावर एकही माणूस स्कर्व्हीने मरणार नाही. दर सफरीत पाऊणशे-शंभर माणसं या रोगापायी समुद्रात टाकावी लागतात, आणि आजवरच्या जहाजी वैद्यांनी त्यावर काय केलं, तर मान हलवली. हे वैद्य म्हणजे काल-परवापर्यंत दाढ्या करणारे न्हावी. मी लायडनला शिकलेला डॉक्टर आहे. शब्द खरा केला तर सगळ्या ताफ्याचा मुख्य डॉक्टर होईन. नाही केला तर परत तेच इस्पितळ, तेच खलाशी आणि तोच वास.

जहाजावर दोनशे दहा जण आहेत. त्यांतल्या वाचता येणाऱ्यांची संख्या तीन: कप्तान रूस, आजाऱ्यांना प्रार्थना वाचून दाखवणारा पीटरसेन आणि मी. बाकीच्यांना अक्षर काय आणि मुंगी काय, सारखंच. मला ते 'मास्तर' म्हणतात, कारण जहाजावरच्या न्हाव्याला ते तेच म्हणत आले. 'डॉक्टर' म्हणा असं मी तिघांना बजावलं. तिघेही 'बरं, मास्तर' म्हणाले.

१२ जानेवारी

या लोकांच्या अकलेचा एक नमुना मुद्दाम लिहून ठेवतो. मधल्या डोलकाठीमागे, चुलीच्या भिंतीला लागून, ओकच्या फळ्यांची एक लांब पेटी आहे. माणूस आडवा मावेल एवढी. तिच्यात माती भरलेली आहे आणि तिला हे लोक 'परस' म्हणतात. निघण्याआधी प्रत्येक खलाशी आपल्या घरामागची मूठभर माती रुमालात बांधून आणतो, आपलं नाव सांगतो आणि पेटीत टाकतो. वाटेत कुणाला स्कर्व्ही झाली की त्याला उन्हाच्या वेळी त्या मातीत गळ्यापर्यंत पुरून ठेवायचं, म्हणजे तो बरा होतो म्हणे. जो परत येईल त्याने आपली मूठ घरी न्यायची. जो वाटेत मरेल त्याची मूठ दुसऱ्याने त्याच्या परसात नेऊन टाकायची. तीच त्याची कबर. इतक्या मुठींतून कोणती कुणाची हे कसं ओळखणार, असं मी विचारलं तर माझ्याकडे असं बघितलं की जणू वेडा मीच.

ही पेटी ओल्फर्टच्या ताब्यात असते. तो शिडं शिवतो, मेलेल्यांना किंतानात शिवणंही त्याच्याकडेच. साठीचा आहे, बोलतो कमी, मनगटं जाड. काल त्याने मला गाठून अदबीने सांगितलं की मास्तर, तुमचीही मूठ हवी, आणि घरचीच हवी. माझं घर लायडनला. मूठभर चिखलासाठी मी लायडन गाठणार होतो की काय? आज सकाळी विसरलेली करवत आणायला इस्पितळात गेलो होतो. तिथे मागच्या भिंतीशी कापलेले अवयव पुरायचा चर आहे. मी तिथलीच मूठभर उचलली. इतकी खतावलेली माती सबंध झीलंडमध्ये मिळायची नाही. पेटीपाशी गंभीर चेहऱ्याने म्हणालो, फ्लोरिस वाख्टेलार, माझ्या परसातली, आणि टाकली. सगळ्यांनी टोप्या काढल्या. हसू दाबता दाबता माझं पोट दुखलं.

ओल्फर्टने तेवढी माती हाताने सारखी केली आणि हात नाकाशी नेला. मग झाकण लावलं.

४ फेब्रुवारी

कामाची घडी बसली. सकाळी खालच्या माळ्यावर शिर्का शिंपडायचा, मग धुरी द्यायची, मग सगळ्यांना वर हाकलून अर्धा तास पळवायचं. स्कर्व्ही हा आळसाचा आणि घाणीचा रोग आहे आणि या दोन्ही गोष्टी खलाशी आईच्या पोटातून घेऊन येतो. पळताना ते मला शिव्या देतात. देऊ देत, छातीला व्यायाम होतो.

परवा एकाचा पंजा दोरखंडात चिरडला. मदतनीस म्हणून मला दिलेला न्हावी रक्त बघून ओकतो, म्हणून ओल्फर्टला हाताशी घेतला. सुईमुळे त्याचा हात स्थिर आहे. त्याला सगळं शिकवलं. दोरी कुठे आवळायची, कातडं किती मागे ओढायचं, करवत न थांबता कशी चालवायची. आणि पहिला नियम, रोग्याचं ऐकायचं नाही. वेदनेत माणूस वाटेल ते बडबडतो. ओल्फर्ट म्हणाला की एकदा विचारून घ्यायला काय हरकत आहे, हात त्याचा आहे. तेव्हा मी त्याला मारिनसची गोष्ट सांगितली.

मारिनस हा माझा इस्पितळातला शेवटचा मोठा रोगी. खलाशीच. दोन्ही पाय गुडघ्यापर्यंत काळे. उजवा सडलाय, उजवा काढा, असं सारखं घोकत होता. मी हात लावून बघितलं तर डावा जास्त थंड. यांना उजवं-डावं कळत असतं तर शिडाच्या दोऱ्या ओढत कशाला बसले असते? डावा काढला, घड्याळ लावून तीन मिनिटांत. शेवटपर्यंत ओरडत होता की तो नव्हे, दुसरा. तिसऱ्या दिवशी मेला, पण तो तापाने. कापणं निर्दोष होतं, मोठ्या डॉक्टरांनीसुद्धा तसं म्हटलं.

ओल्फर्टने सगळं ऐकून घेतलं. हा मारिनस आर्नेमाउडेनचा होता का, एवढंच विचारलं. तो कुठला हे मला कसं ठाऊक असणार? त्याने मान हलवली आणि करवत पुसायला घेतली.

२३ फेब्रुवारी, सांतियागो बेट

इथे कप्तानाने पंचवीस पोती लिंबं घेतली. माझा खरा इलाज आता सुरू. लिंबाचा गुण त्याच्या आंबटपणात आहे, हे जुने वैद्यही जाणून होते. पण ते गाढवासारखी लिंबं चोखायला देत. कच्च्या रसात पाणी फार, आणि तो महिन्याभरात नासतो. मी सगळा रस पिळून तांब्याच्या कढयांत दोन दिवस मंद आचेवर आटवला. त्याच्या चाळीस बाटल्या झाल्या. दाट, काळसर पाक. एक चमचा म्हणजे सहा लिंबं. असं कुणाला आजवर सुचलं नाही याचंच नवल वाटतं.

खलाश्यांना अर्थातच पटलं नाही. एक पोतं तसंच राहू द्या, अशी विनंती ओल्फर्टने केली. कप्तानही चुळबुळत होता. मी दोघांनाही स्पष्ट सांगितलं की औषध मी ठरवीन. तरी सात जणांनी कढईपासची लिंबं लांबवलीच. एक पोतं कमी भरलं. त्या सातांना डोलकाठीला बांधून फटके देववले. पोतं मात्र सापडलं नाही.

२८ मार्च

वारा पडून एकोणीस दिवस झाले. समुद्र थंड झालेल्या पेजेसारखा पडून आहे. पाणी हिरवं, बिस्किटांत अळ्या. आज विगर नावाचा बाप्या माझ्याकडे पाय दाखवायला आला. पोटऱ्यांवर जांभळे डाग, हिरड्या सुजलेल्या. मी त्याला पाकाचा एक चमचा दिला आणि डोलकाठीवर दोनदा चढून उतरायला लावलं. खाली आला तो रडत होता. सहा फुटी माणूस, घरामागच्या कोबीच्या वाफ्याची आठवण येते म्हणून रडतो. आळसाला असलेच बहाणे सुचतात.

९ एप्रिल

डाग असलेले सव्वीस. पाक रोज दोन चमचे केला आहे. पाक उत्तम आहे, दोष पिणाऱ्यांचा आहे. चोरून थुंकत असतील.

१६ एप्रिल

एकसष्ट. चार मेले. कागदावर त्यांचा रोग 'ताप' असा लिहिला आहे. संचालकांना तापाबद्दल मी काही लिहून दिलेलं नाही.

कप्तान आज प्रथमच माझ्यावर आवाज चढवून बोलला. तुमचा पाक राहू द्या बाजूला, यांना परसात ठेवू द्या, निदान शांतपणे मरतील, असं म्हणाला. मी हात झटकले. दुपारी ओल्फर्टने झाकण काढलं. टेउन नावाच्या एका म्हाताऱ्याला आत निजवून गळ्यापर्यंत माती ओढली, फक्त डोकं बाहेर. उघड्या मातीचा वास सुटला तशी आजारी माणसं सरपटत पेटीभोवती जमली आणि नाकं फुलवून हुंगत बसली. कुणी आईला हाक मारत होतं, कुणी गाईला. किळस येण्याजोगा प्रकार. मी लांब उभा राहून बघितला.

दोन तासांनी टेउनला बाहेर काढलं. बरं वाटलं म्हणाला. मग त्याने विचारलं की माझ्याबरोबर आत दुसरं कोण ठेवलं होतं. कुणी नव्हतं, हे दहा जणांनी सांगितलं. तो पटवून घेईना. माझ्या पायाशी कुणाचा तरी पाय होता, म्हणाला. थंड. सारखा चाळवत होता.

मी ओल्फर्टला नियमाची आठवण करून दिली, रोग्याचं ऐकायचं नाही.

२० एप्रिल

टेउन मेला. ताप.

काल परसात ठेवलेल्या दोघांचंही तेच पालुपद, आत पाय आहे. एकाने ऐकलं की दुसरा बोलतो. मेंढरं.

२४ एप्रिल

विगरला परसात ठेवलं. पंधरा वर्षांपूर्वी दारूच्या गुत्त्यात त्याच्या खांद्यावर सुरी बसली होती. ती मिटलेली जखम आज उघडली, ओल्या ओठांसारखी. जुन्या जखमा अशा उघडतात हे पुस्तकात वाचलं होतं. बघितलं नव्हतं. जेवण गेलं नाही.

तो शुद्धीवर होता. बाहेर काढल्यावर त्याने ओल्फर्टला जवळ बोलावून सांगितलं आणि मी शेजारीच उभा होतो म्हणून ऐकलं. आत पाय आहे. डावा. गुडघ्याच्या वर कापलेला. अंगठ्याशेजारचं बोट नाही. मी माझ्या पायाने चाचपून बघितलं, म्हणाला.

मारिनसच्या डाव्या पायाला ते बोट नव्हतं. टेबलावर मी स्वतः बघितलं होतं. बोटाची गोष्ट मी ओल्फर्टला सांगितली नव्हती. कुणालाच सांगितली नव्हती.

विगर संध्याकाळी गेला. बहुतेक मारिनसला कुठेतरी ओळखत असावा. हे खलाशी सगळे एकमेकांना ओळखतात. त्यात विशेष काही नाही.

२९ एप्रिल

ओल्फर्टने भर दुपारी सगळी माती शिडाच्या कापडावर काढली आणि बोटांनी चाळली. मी बघायला गेलो, केवळ कुतूहल म्हणून. काही नव्हतं. मुळं, शिंपले, एक मातीची गोटी. सगळी माती कोरडी होती, फक्त मधोमध हातभर जागा ओली. चुलीला लागून असलेल्या पेटीत, या उन्हात.

मग त्याने सगळ्यांना विचारलं की कुणाची मूठ घरची नाही का. तसं असेल तर सांगून टाका, कुणी काही बोलणार नाही. परक्याचं काही आत आलं असेल तर ज्याने आणलं त्यानेच ते शोधून बाहेर काढायचं, तोवर परस कुणाला बरं करणार नाही. सगळे एकमेकांकडे बघत राहिले. तो माझ्याकडे बघत होता.

मी लायडनचा डॉक्टर. शिडं शिवणाऱ्यापुढे कान धरून उभा राहणार? खोलीत येऊन पुस्तक उघडलं. एकच पान चार वेळा वाचलं.

६ मे

वारा मिळाला. केप बंदरापर्यंत अजून तीन आठवडे, कप्तान म्हणतो.

आजारी एकशे दहा. मेलेले अडतीस. ताप, ताप, ताप असं लिहून लेखणी झिजली.

एक गोष्ट नोंदवणं भाग आहे. ज्या सातांना मी लिंबं चोरल्याबद्दल फटके देववले ते सातही ठणठणीत आहेत. ओल्फर्टही. एकाच्या उशाशी आज वाळलेली साल सापडली. ते अजून चोखताहेत. कच्ची.

यावरून काही सिद्ध होत नाही.

७ मे

सिद्ध होतं. रात्रभर कढया डोळ्यांपुढे होत्या. दोन दिवस आटवला मी तो रस. त्यात जे काही होतं ते वाफेबरोबर गेलं आणि मी शेजारी उभा राहून स्वतःची पाठ थोपटत होतो. अडतीस माणसं. चोवीस पोती लिंबं.

संचालकांना काय सांगू?

८ मे

माझ्या पोटऱ्यांवर डाग आहेत. रोज चार चमचे घेतो आहे, तरी.

मी आळशी नाही. मी घाणेरडाही नाही.

११ मे

पीटरसेन गेला. कप्तानाला उठवत नाही, भिंतीशी बायकोबद्दल बोलत असतो. आता वाचता येणारा मी एकटा.

ओल्फर्टकडे एक लिंबू मागितलं. मी, मागितलं. पोतं परवाच संपलं, त्याने सांगितलं, शेवटची लिंबं कप्तानाला पिळून घातली. खोटं बोलत नसावा. मग मी सांगून टाकलं. हिरड्यांमुळे शब्द नीट फुटत नव्हते, तरी सांगितलं. माझी मूठ घरची नव्हती. इस्पितळामागच्या चरातली होती. गंमत म्हणून टाकली.

त्याला नवल वाटलं नाही. तुम्ही टाकलीत तेव्हाच वासावरून कळलं होतं, म्हणाला, पण माणसाने आपल्या तोंडाने सांगावं म्हणून वाट बघितली. सुई खाली ठेवून त्याने पुढचं सांगितलं. दहा वर्षं तो आणि मारिनस याच जहाजावर हातभर अंतरावर झोळ्या बांधून झोपले. ते बोट नांगराच्या दोरखंडाने नेलं, तेव्हा जखम ओल्फर्टनेच शिवली होती. मारिनसला शिकलेल्या माणसाच्या हाती द्यावं म्हणून त्याला इस्पितळापर्यंत पाठीवरून त्यानेच नेलं.

मी काहीतरी म्हणायला हवं होतं. मारिनस बरोबर सांगत होता, एवढं तरी. उजवाच सडला होता. कापून झाल्यावर माझ्या लक्षात आलं होतं. त्याच दिवशी.

हे मी आज पहिल्यांदा लिहितो आहे.

१५ मे

उजव्या नडगीची जखम उघडली. विद्यार्थी असताना गोठलेल्या कालव्यावर स्केटचं पातं लागलं होतं, बारा वर्षं झाली. आता हाड दिसतं. दात चार पडले. जिभेला तोंडात जागा नाही, बोलतो ते मलाच कळत नाही.

खलाशी दारात येऊन बघून जातात. पळवत नाहीत, हे उपकार.

वरून मातीचा वास येतो. आईच्या वाफ्यातल्या ओल्या मातीचा. मी रडलो. सहा फुटी नाही, तरी रडलो.

१८ मे

आज परसात. मीच खुणेने सांगितलं — दुसरं काय उरलंय. ओल्फर्ट म्हणाला, आत गेल्यावर शोधा, आणि सापडलं तर वर द्या. एक हात बाहेर ठेवू दिला, वही कडेवर. ऊन आहे. माती ऊबदार आहे. खरंच बरं वाटतं, टेउन खोटं बोलत नव्हता. कुणीच नव्हतं—

डाव्या पायाशी काहीतरी लागलं. फळी असेल.

फळी नाही. फळीला बोटं नसतात. चार आहेत.

मी पाय मोजले. उजवा, तो जळतोय. डावा, तो हलवता येतो. आणि तिसरा.

त्याला मांडीकडे सुरुवात नाही. माझ्या डाव्याला घासत वर सरकतो आहे, जणू जागा शोधतो आहे. हात खाली घालून पकडू म्हटलं — घालवला नाही. मला भीती वाटते. कुणाला तरी हाक

काढलं. दोन तास झाले म्हणे. मला वाटलं आठवडा. डाव्या पायावर गुडघ्यापर्यंत ओली माती चिकटली आहे, धुतली तरी निघत नाही. सापडलं का, ओल्फर्टने विचारलं. मी होकारार्थी मान हलवली. मग वर का दिलं नाही, त्याने विचारलं.

२१ मे

उजवा घोट्यापर्यंत काळा. वास येतो. हा वास मला माहीत आहे. कापायला हवा, गुडघ्याच्या वर, उद्याच. न्हावी मेला. ओल्फर्टला येतं, मीच शिकवलं आहे. हात स्थिर आहे त्याचा. वाचेन मी. केप आठ दिवसांवर, तिथे बागा आहेत, लिंबं आहेत — कच्ची — सगळ्यांना सांगेन, लिहून देईन, आटवू नका म्हणून. हे पोचायला हवं. माझ्यासाठी नव्हे. निदान यासाठी तरी—

खुणेने सांगितलं. उजवा. तो हो म्हणाला.

२२

वर आणलं. ऊन. पेटीशेजारीच फळी टाकली आहे. करवत माझीच, इस्पितळातली. पुसलेली.

चौघांनी धरलंय. लिंबंवाले. दणकट. एक हात मोकळा सोडलाय. ओल्फर्ट म्हणाला, लिहू दे त्याला, लिहिण्याने शांत राहतो.

दोरी आवळतोय. डाव्याला.

बोट दाखवलं. उजवा. तो मान डोलावतो.

ओरडलो. तोंडातून नुसतं रक्त.

वही त्याच्यासमोर धरली, मोठ्या अक्षरांत — डावा नव्हे. त्याने घेतली, बघितली, उलटी करून बघितली, परत दिली. म्हणाला, "मास्तर, रोग्याचं ऐकायचं नसतं. तुम्हीच शिकवलंत."

पेटीचं झाकण काढलंय. मातीत जागा करून ठेवली आहे. एका पायापुरती. आणि तिथून काहीतरी वर — बाकी कुणी बघत का नाही —

कप्तान — कप्तानाला वाचता येतं, कुणीतरी वही

डावा नव्हे

डावा नव्हे तो दुस